चोरखूण

१८ मे

शाईच्या एजंटानं जानेवारीत दिलेली ही डायरी पाच महिने कोरी पडली होती, कारण लिहून ठेवावं असं काही संशयास्पद घडलं नव्हतं. आज घडलं.

दुपारी दुकानात एक मुलगी आली. माजिवड्याच्या आमच्या 'शेजवळ आर्ट्स'मध्ये मुली येतात त्या पार्लरच्या बोर्डासाठी, नाहीतर क्लासच्या फ्लेक्ससाठी. ही म्हणाली, "काका, तुमची शब्दांची वही बघायला मिळेल का?"

वहीबद्दल माहिती आहे चार माणसांना. मला, बायको मायाला, माझा जुना जोडीदार पेंटर काळुरामला, आणि ती छापतो म्हणणाऱ्या ठाण्याच्या प्रकाशकाला. पाचवा कान कुठून आला?

नाव प्रियांका. ठाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय, कल्याणजवळच्या मोहन्याच्या कामगार चाळींतली बोली. माझा जन्म त्याच चाळीतला. पंधराव्या वर्षी ब्रश घेऊन तिथून बाहेर पडलो तो परत राहायला गेलो नाही. दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला स्वागत कमान फुकट करून पाठवतो, स्वतः जात नाही.

"तुला माझ्याकडे पाठवलं कुणी?"

"तिथल्या एका आजींनी नाव सांगितलं."

"कुठल्या आजींनी?"

"ते नाही सांगता येत, काका. ज्यांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करतो त्यांना निवेदक म्हणतो, आणि निवेदकांची नावं बाहेर फोडत नाही."

नावं न फोडणारे दोनच प्रकारचे, खबरी पाळणारे पोलीस आणि दुसऱ्याचा माल उचलणारे. चहा पाजला, गोड बोललो, वही घरी आहे म्हणालो. वही टेबलाच्या खणात होती.

२५ मे

वहीची कुळकथा एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी हक्क सांगितला तर हे पान कामाला येईल.

एकतीस वर्षांपूर्वी हातानं बोर्ड रंगवायचो तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचो, तुमच्या धंद्यातला असा एक शब्द सांगा जो तुमच्या बायकोला कळत नाही. लोहार, मिठागरवाले, शवागारातला माणूस, केळीवाले, सगळे हसायचे आणि सांगायचे. मग त्या शब्दाचं मूळ मी शोधायचो. कोशात सापडलं तर कोशातून, नाहीतर म्हाताऱ्यांकडून. शिक्षण नववी. पण घमेलं पोर्तुगिजांकडून आलं आणि वशिला अरबांकडून, हे मला कुणा मास्तरनं शिकवलेलं नाही. आमच्याकडे बोर्डाच्या खांबांचे खड्डे खणायला येणाऱ्या दौलतला मी घमेल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, "तरीच एवढं जड लागतं."

आजपर्यंत चार हजार एकशे सहा शब्द. प्रत्येकापुढे कोणी सांगितला, कुठं, कधी. एकही बनावट नाही. ही माझी अब्रू.

मुलगी आज कल्याणला घरी आली. वही दिली, पण समोर बसून राहिलो. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. सरळ माणूस फोन पालथा ठेवत नाही.

बरीच पानं उलटून म्हणाली, "यात तुमच्या घरचे शब्द नाहीत, काका."

"घरात घेण्यासारखं काही नव्हतं. वडील कारखान्यात, शिफ्टवरून आले की झोपायचे. दुसरी आई मोजकं बोलायची."

"आणि पहिली?"

आता हिला पहिली कुठून कळली? दुसरी आहे म्हणजे पहिली असणार, हे कुणीही ताडील. तरी खटकलं. सांगितलं, मी सहा वर्षांचा असताना गेली, काही आठवत नाही.

"आवाज? बोलण्याची पद्धत?"

"नाही म्हटलं ना."

ती गेल्यावर माया म्हणाली, "तेहतीस वर्षांत मला एवढंसुद्धा सांगितलं नव्हतंत."

"तू विचारलं नव्हतंस."

"विचारलं होतं. तुम्ही मला इस्त्री शब्द कुठून आला ते सांगितलं होतंत."

४ जून

प्रकाशकाचा फोन. "चांगदेवराव, हात चालवा. हल्ली पीएच.डी.वाले असला माल उचलतात आणि वर आपल्यालाच तळटीप दाखवतात." मी विषय काढलाच नव्हता. म्हणजे बाजारात कुणकुण आहे.

प्रियांका आठवड्यात दोनदा येते. शब्द कमी बघते, मला जास्त विचारते. लहानपणी सकाळी काय खायचात, अंथरूण कुठं घालायचात, शेजारी कोण होतं. चोराला घराचा नकाशा लागतो तसं हे चाललंय.

९ जून

आमच्या धंद्यात चोरखूण असते. १९९४ साली उल्हासनगरचा एक पेंटर माझी अक्षरं बघून बघून उतरवायचा. मी एका मिठाईच्या बोर्डावर 'ठ'च्या पोटात बारीक पिवळा ठिपका सोडला. महिन्यात त्याच्या तीन बोर्डांवर पिवळे ठिपके. असोसिएशनपुढे मी फक्त बोट दाखवलं.

वहीलाही चोरखूण हवी. एक शब्द, जो जगात नाहीच, फक्त माझ्या वहीत आहे. तो तिच्या प्रबंधात निघाला की बोट दाखवायचं.

आज सकाळी पडल्या पडल्या तोच विचार करत होतो. माया पाणी भरायला उठून गेलेली. ती उठली की मी तिच्या जागेवर सरकतो, जुनी खोड आहे. आणि शब्द आला. उबोशी. उठून गेलेल्या माणसाची अंथरुणात मागं राहिलेली ऊब. ऊब अधिक उशी, उबोशी. मास्तर लोक संधी सोडवतील आणि माना डोलावतील. चार कोश पाहिले. कुठंही नाही, आणि या गोष्टीला दुसरा शब्दही नाही.

दुकानाला नाव सुचवायचं तर मला दोन दिवस लागतात. हा दहा मिनिटांत अर्थासकट आला. मी हुशार आहे, पण एवढा?

पान दोनशे बारावर जुन्या शाईनं लिहिला. सांगणारा : धाकू, मिठागर कामगार, माजिवडा. हा धाकू मीच जन्माला घातला आणि लगेच मारलासुद्धा. मेलेला साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही.

एकतीस वर्षांत वहीतली ही पहिली खोटी नोंद. हात जरा जड झाला. पण 'ठ'मधला ठिपकासुद्धा खोटाच होता.

११ जून

गळ टाकला, मासा लगेच आला.

पानं उलटता उलटता दोनशे बारावर ती थांबली. बोट त्या ओळीवर, आणि बोट हलेना. मी पेपर वाचतोय असं दाखवत होतो.

"काका, हा कुठं ऐकलात?"

"लिहिलंय ना. धाकू. माजिवडा."

"नक्की माजिवडा? मोहने नाही?"

"मोहन्याला मिठागर आहे का, बाई?"

"ते आजोबा भेटतील?"

"वारले."

तिचा चेहरा उतरला. हातातला माल दुसऱ्याच्या नावावर निघाला की व्यापाऱ्याचा होतो तसा. मग फार हळू म्हणाली, "घरात कधी ऐकला नव्हता का? नीट आठवा." मी म्हटलं, घरातला असता तर घर लिहिलं असतं. तिनं काहीतरी टिपलं आणि त्याच्यावर काट मारली. ती काट मी पाहिली.

माया स्वयंपाकघरातून ऐकत होती. नंतर म्हणाली, "ती पोरगी रडवेली झालेली, बघितलंत का?" म्हटलं, पकडली जाण्याआधी सगळेच होतात.

२८ जून

ठाण्याला तिच्या कॉलेजात संशोधक विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं, सर्वांसाठी खुलं. सांगितल्याशिवाय जाऊन मागच्या बाकावर बसलो. दारात टिपणाची प्रत मिळाली. 'मोहने परिसरातील कामगार चाळींमधील घरगुती शब्द'. तिसऱ्या पानावर :

उबोशी. उठून गेलेल्या व्यक्तीची अंथरुणातील ऊब. निवेदक क्र. १४, स्त्री, वय ८३.

निवेदक क्रमांक चौदा! मी धाकू केला, हिनं म्हातारी केली. माझं नाव कुठंच नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सापळा लागल्याचा आवाज कुणाला आवडत नाही? पण घरी येईपर्यंत तो आनंद कुठंतरी सांडला. पोरगी गुणी वाटली होती.

३० जून

तक्रार टाइप करून घेतली. तिचे मार्गदर्शक रवींद्र सर आणि संशोधन समिती, दोघांना. 'सदर शब्द मी स्वतः बनवलेला असून...'

काळुरामला वाचून दाखवली. चाळीस वर्षं आम्ही एका शिडीवर काढली. तो माजिवड्याचाच आगरी, 'ड'चा 'र' करतो, पण स्पष्ट बोलतो.

"तुझे सबूद कोन चोरनार र, चांग्या? सबूद काय कोंबऱ्या हायेत?"

"अरे, पुरावा आहे."

"बरा मग. पोरीचा बाप काय करतो?"

"रिक्षा चालवतो म्हणे, उल्हासनगरला."

"मंग तुझ्यासारीच वर आयलीय ती, शिरी लावून. शिरी कारताना खाली बघ जरा."

त्याला तत्त्वाचं काही कळत नाही. पाकीट पोस्टात टाकलं. रजिस्टर ए.डी.

५ जुलै

तिचे सात फोन. घेतले नाहीत.

माया दोन दिवस माझ्याशी 'हो' आणि 'नाही'मध्ये बोलते. चार हजार शब्दांच्या माणसाला ही शिक्षा बरोबर शोधलीय तिनं.

८ जुलै

प्रियांका दुकानात येऊन उभी राहिली. मी मुद्दाम एका हॉस्पिटलच्या बोर्डाची मापं घेत बसलो. अर्धा तास उभी होती. बस म्हटलं नाही.

"काका, माझा प्रबंध या महिन्यात जमा व्हायचा होता. तो थांबलाय. पुढच्या वर्षाच्या तासिकांचं पत्रही अडकलंय. चौकशी चालू असलेल्या माणसाला शिकवायला देत नाहीत."

"मग म्हातारीचं नाव सांग."

"समितीला सांगितलंय. तुम्हाला नाही सांगणार. तक्रार मागे घ्या असंही म्हणत नाही. सोळा तारखेला समिती रेकॉर्डिंग ऐकणार आहे, तुम्ही या. तुमच्यापेक्षा तेज कान कल्याण-ठाण्यात नाहीत असं ऐकलंय."

"कोणी सांगितलं?"

"निवेदक क्रमांक चौदानं."

जाताना दारातून वळली. "एक विचारू? धाकू आजोबा खरंच होते?"

प्रश्न विचारताना ती माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे बघत होती. मापाची टेप हातातून सुटून सर्रकन गुंडाळली गेली. म्हटलं, गिऱ्हाईक थांबलंय.

रेकॉर्डिंग काय, आज कुणालाही बनवता येतं. म्हातारीला शंभर वेळा पढवून एकदा टेप करायची. पण पढवलेलं बोलणं मला कळतं. श्वास चुकतो.

१६ जुलै

क्रमानं लिहितो. नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं नव्हतं.

कॉलेजात लहानशी खोली. रवींद्र सर, समितीच्या दोन बाया, प्रियांका, मी. सरांनी फाइलची तारीख दाखवली, चौदा एप्रिल. मी म्हटलं, सर, तारीख बदलायला माझ्या दुकानातला कुणीही दोन मिनिटं घेतो. सर म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ऐका."

हेडफोन दिले. डोळे मिटले.

म्हातारीचा आवाज. पढवलेली नाही, हे पहिल्या वाक्यातच कळलं. मध्येच खोकते, कुणाला तरी कोंबडी हाकल म्हणते. अंथरुणं, गोधड्या, चाळीतली ओल, असं चाललेलं. मग :

"शेजारला भीमा ऱ्हायची. वऱ्हाडाकडची व्हती का कुठली, तिनं नीट कधी सांगितलंच न्हाई. तिचं बोलनं लई न्यारं. पहाटंला कालनीत भांडी घासाया जायची. पोरगं उठायचं, मागं लागायचं. मंग त्याला आपल्या जागंवर सरकवायची न् म्हनायची, माझी उबोशी घे, ती गार व्हायच्या आत मी येते. मंग ते गप पडायचं. आमी हसायचो तिला. मंग आमीबी म्हनाया लागलो, उबोशी."

प्रियांकाचा आवाज : "ती शब्द कुठून आणायची?"

"कोनाला ठावं. तिचा पोरगा हाय की, बोर्डवाला. त्याला इचार. पर शिकवू नगं हां त्याला, आपनहून येतंय का बघ."

मी हेडफोन काढले नाहीत. भीमा नावाच्या पन्नास बाया असतात मोहन्यात. बोर्डवाले दहा असतात. सरांना सांगितलं, परत लावा.

दुसऱ्यांदा मी म्हातारीला ऐकलंच नाही. तिच्या मागचं ऐकलं. लांब लाऊडस्पीकर होता. कोंबडी, मग भांडं पडल्याचा आवाज, मग तो माणूस माइकवर. "...यंदा प्रथमच संपूर्ण लाइटिंगची कमान... आपल्याच चाळीचे चांगदेवराव शेजवळ... जोरदार टाळ्या..." आणि टाळ्या. त्या टाळ्यांवरूनच म्हातारी म्हणते, 'तिचा पोरगा हाय की.'

लाइटिंगची कमान मी यंदा पहिल्यांदाच पाठवली. चौदा एप्रिलला. शब्द 'बनवला' नऊ जूनला.

पुन्हा एकदा लावा म्हटलं. तिसऱ्यांदा ऐकून हेडफोन टेबलावर ठेवले आणि सांगितलं, "रेकॉर्डिंग खरं आहे. तारीखही खरी आहे. मागं माझंच नाव चाललंय."

सरांनी आणि बायांनी आळीपाळीनं कानाला लावलं. त्यांना ऐकू आलं नाही. सात मिनिटं बारा सेकंदांवर आहे म्हटलं तेव्हा कुठं आलं.

प्रियांका खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "अकरा जूनला सांगितलं का नाहीस? पान समोर होतं."

"निवेदकाच्या तोंडात शब्द घालायचा नसतो, काका. मी नुसतं 'तुमच्या आईचा' म्हटलं असतं, तर तुमची नोंद बाद झाली असती. मी वाट बघत होते तुम्ही म्हणाल म्हणून. तुम्ही माजिवडा म्हणालात."

१७ जुलै

दुकानात गेलो नाही. माया उठून गेली, मी माझ्याच जागेवर पडून राहिलो.

२० जुलै

मोहन्याला गेलो. कुणाच्या घरी ते सांगायला मला कुणी लागलं नाही. आमच्या खोलीच्या शेजारची खोली, कमळाबाई. दिसत कमी असावं, पण पावलांवरून ओळखलं.

"चांगू? कमानीसंगं आलास का मोकळाच?"

मोकळाच म्हटलं. बसलो. मी आईला आई म्हणायचो की माय, एवढंच विचारायचं ठरवलं होतं. विचारलं. कमळाबाई म्हणाली, "माय म्हनायचास. दुसरी आली तवा तुझ्या बापानं मोडलं ते. घरात त्या नावानं हाक नको म्हनला. गरीब व्हता बिचारा, त्याला वाटलं लेकरू इसरंल."

मग आपणहून सांगितलं. ज्या दिवशी आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी अंथरुणातून उठलो नाही. जेवायलासुद्धा नाही. कुणी गोधडी ओढली की ओरडायचो, गार हुईल. संध्याकाळी बाप एकटाच परत आला.

मला यातलं काहीच आठवत नाही. खोटं आठवल्यासारखं करायचीही हिंमत झाली नाही.

चहात साखर फार होती. सगळा प्यालो.

२३ जुलै

वाटलं होतं, तक्रार मागे घेतली की प्रकरण मिटेल. मिटलं नाही.

रवींद्र सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "चोरीचा आरोप गेला. पण आता समिती म्हणते, हा शब्द एकाच घरचा, सांगणारी एकच. तुमच्या आईखेरीज कुणी वापरल्याचा दुसरा पुरावा नाही. एका तोंडचा शब्द प्रबंधात घेता येत नाही, आणि प्रियांकाचं अख्खं चौथं प्रकरण अशा एकेका घरच्या शब्दांवर उभं आहे. हा पडला तर बाकीच्यांवरही बोट येतं."

"मी सांगतो ना. माझ्या आईचा आहे."

"आठवतो?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. तोंडात आलं होतं. पण समोरचा माणूसही ऐकणाऱ्यातलाच होता. "आठवत नाही," म्हटलं.

"शिवाय तुम्ही आता रेकॉर्डिंग ऐकलंय. यापुढं तुम्ही काहीही सांगितलंत तरी ते उष्टं."

मग माझ्या डोक्यात आलं. धंदेवाईक डोकं, दुःखातही चालतं.

"सर, ऐकण्याच्या आधीचं माझ्याकडे आहे. पान दोनशे बारा. नऊ जूनचं, अकराला प्रियांकानं पाहिलेलं."

"त्यावर धाकू आहे. माजिवडा आहे."

"धाकू खोटा. मी लिहून देतो, की हा शब्द मी कुणाकडून ऐकला नाही, बनवला असं समजून लिहिला, सांगणाराही बनवला. कमळाबाईंना चाळीस वर्षांत भेटलो नव्हतो. मग तो अर्थासकट माझ्या डोक्यात आला कुठून?"

सरांनी चष्मा काढला. "हा फार चांगला पुरावा होईल, शेजवळ. न शिकवलेला, न विचारलेला. मागे घेतलेली तक्रार फाइलीतच राहते, पण हे तुम्ही सहीनिशी दिलंत की प्रबंधाला जोडलं जाईल. तुमच्या वहीत खोटी नोंद आहे, हे तुमच्याच सहीनं. मग बाकीच्या चार हजार शब्दांवर कोण विश्वास ठेवेल?"

मलाही तेच दिसत होतं. एकतीस वर्षं.

मग सर उगाच काहीतरी बोलावं म्हणून बोलले. संशय हा शब्द 'शी' धातूपासून, ज्याचा अर्थ निजणं, शय्या त्याचीच सख्खी. माझ्या वहीत हे नव्हतं. इतर दिवशी मी खिशातून पेन काढलं असतं.

घरी येऊन मायाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारताय का सांगताय?"

"विचारतोय."

"मग आधी जेवा."

जेवण झाल्यावर तिनंच कागद आणून ठेवला.

२४ जुलै

दिलं. पान दोनशे बारा वहीतून न फाडता, वही अख्खीच जमा केली. फाडलेल्या पानावर मी स्वतः विश्वास ठेवला नसता.

४ ऑगस्ट

प्रकाशकाला स्वतःच कळवलं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मसाला लावून कळलं असतं. म्हणाला, "एवढं एक पान गाळून छापू की. कुणाला कळतंय?" मी म्हटलं, मला. मग म्हणाला, या वर्षी राहू द्या, बघू. 'बघू' या शब्दाचं मूळ शोधायची गरज नाही.

काळुरामनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तो धाकू आमच्या माजिवऱ्याचा दाखवलास? एवऱ्या गावात माझं नाव नाय सुचला तुला?" रुसलाय.

१२ ऑगस्ट

प्रियांकाचा प्रबंध जमा झाला. तासिका मात्र दुसऱ्याला गेल्या, पत्रं आधीच निघाली होती. ते नुकसान माझ्या खात्यावर आहे आणि ते भरून येणारं नाही. दुकानात काम देऊ का विचारलं तर म्हणाली, "काका, मला अक्षरं चांगली काढता येत नाहीत." तिखट आहे. बरं वाटलं.

मग तिनं तिची मागणी सांगितली. माफी नको. एक बैठक हवी, दोन तासांची. उबोशीसाठी नाही, तो आता बंद झाला. बाकीच्यासाठी.

"बाकीचं काही नाही माझ्याकडे."

"ते मला ठरवू द्या."

१७ ऑगस्ट

बैठक घरीच झाली. माया दाराशी स्टूल घेऊन बसली. प्रियांकानं फोन टेबलावर ठेवला, या वेळी उताणा, आणि बटण दाबलं.

"निवेदक क्रमांक अडतीस. नाव?"

चार हजार माणसांना मी हेच विचारलं. उत्तर द्यायची पाळी आज माझी होती. सांगितलं.

"आईचं नाव?"

"भीमाबाई."

"आईचं गाव?"

"माहीत नाही."

मग तिनं पाट, पाणी, चूल, आजारपण, सणवार असं एकेक विचारलं. घाई नाही, सुचवणं नाही. मी बहुतेक ठिकाणी नाही म्हणत गेलो. चांगली पाऊण तासाची नाही-नाही झाली. मला तिची दया यायला लागली. मग तिनं विचारलं, ताप आला की आई काय करायची, आणि माझा उजवा हात आपोआप कपाळावर गेला. पालथा, नखांकडून. त्या हाताबरोबर जिभेवर एक शब्द आला. असा शब्द मी कुठल्याच कोशात पाहिलेला नाही.

मी तो गिळला.

"काय झालं?"

"आलाय एक. पण हा मी आत्ता बनवला असेल. माझा काही भरवसा नाही, लेखी पुरावा आहे त्याचा."

मायाला हसू आलं. प्रियांकाला नाही. "काका, तुम्ही फक्त बोला. संशय घ्यायचं काम माझं."

मग बोललो. मोठ्यानं म्हणताना लाज वाटली, मायापुढे तर फारच. प्रियांकानं तो परत म्हणायला लावला, मग वहीत उतरवला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. वही तिच्या बाजूला होती, पण मला उलटं वाचता येतं. चाळीस वर्षं काचेच्या मागच्या बाजूनं अक्षरं काढलीत.

प्रश्नचिन्ह चांगलं काढते पोरगी. खालचं टिंब ठळक.